आंत्र-आधारजाल : प्रयोगशाळेतील विघटन

लघ्वांत्राची भिंत नव्याने घडविण्यासाठी ज्या सच्छिद्र जाळीवर पेशी वाढवितात, त्या आधारजालाचा (स्कॅफोल्डचा) शरीराबाहेर घडवून आणलेला व मोजलेला ऱ्हास. आतड्याचा मोठा भाग काढावा लागलेल्या रुग्णांसाठी हे संशोधन चालते. उपचारात ते अद्याप रुळलेले नाही. विघटनशील बहुवारिकांवर (पॉलिमरांवर) आंत्रपेशी रोपण्याचे प्रयत्न साधारणतः १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. त्यांत शल्यचिकित्सक व्हॅकान्टी व रासायनिक अभियंता लँगर यांच्या गटाचा १९८८ मधील निबंध सामान्यतः प्रमाण धरतात.

पॉलिग्लायकॉलिक आम्ल, म्हणजे शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांचेच द्रव्य, काही आठवड्यांत बळ गमावते. पॉलिलॅक्टिक आम्ल व पॉलिकॅप्रोलॅक्टोन यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागू शकतो. हे विघटन केवळ पाण्याने होते की एंझाइमांनीही, याविषयी मतभेद आहेत. प्रोटीनेज-के हे एंझाइम पॉलिलॅक्टिक आम्लाचे विच्छेदन करते, असे विल्यम्स यांनी १९८१ मध्ये दाखविले. परंतु ते मानवी आतड्यातील एंझाइम नव्हे, ही बाब उद्धृत करताना अनेकदा गळते. प्रारंभी पाणी आणि पुढे पृष्ठभागी एंझाइमे, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. कोलॅजन या प्रथिनाच्या जाळीत मात्र एंझाइमेच निर्णायक ठरतात. व्हर्ट व ली यांनी १९९० च्या सुमारास आणखी एक गुंतागुंत पुढे आणली : जाड नमुन्यात तयार झालेले आम्ल आतच कोंडते व विघटनाला वेग देते. असा नमुना कापला, तर बाहेर टणक कवच आणि आत चिकट रस आढळतो. आंत्रजालाच्या भिंती पातळ असल्याने आम्ल निसटते; म्हणून जाड पट्ट्यांवरील आकडे त्यांना सरसकट लावू नयेत.

चाचणीत वाळवून तोललेला नमुना ३७° से. तापमानाच्या, ७.४ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर राखणाऱ्या द्रावात) ठेवतात. ठरावीक दिवसांनी काढून ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात, गोठवून वाळवितात व पुन्हा तोलतात. धुणे कमी पडले, तर अडकलेले क्षार वजनात भर घालतात. रेणुभार आधी घसरतो, वजन मागाहून. त्यामुळे निव्वळ वजनावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. पॅनक्रियाटिन (स्वादुपिंडातील एंझाइमांचे मिश्रण) घातले असल्यास त्याची क्रियाशीलता ओसरते आणि द्राव वरचेवर बदलावा लागतो.

सांगली, मिरज व कराड येथील औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ६.८ पीएचचा बफर गोळ्यांच्या विद्राव्यता चाचणीतून परिचित असतो. आंत्ररसाची नक्कल करायची असल्यास ७.४ ऐवजी येथेही तोच वापरतात. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा ४०° से.च्या आसपास जातो. अशा खोलीत शीतनाची सोय नसलेले ऊष्मक (इन्क्युबेटर) ३७° वर राहू शकत नाही, आणि तापमान वाढले की विच्छेदनाचा वेगही वाढतो. पावसाळ्यात उघडे राहिलेले नमुने चाचणीआधीच ओल धरतात. ते सिलिका जेलसह बंद ठेवावेत.

आतड्याच्या क्रमसंकोची (अन्न पुढे ढकलणाऱ्या) हालचालीचा परिणाम तपासण्यासाठी द्राव खेळता ठेवणारी पात्रे वापरतात. जंतूंचा सहभाग पुष्कळ चाचण्यांत सोडियम अझाइड घालून मुद्दाम वगळलेला असतो. त्यामुळे जंतुबहुल बृहदांत्राला हे निष्कर्ष लागू करता येत नाहीत.