उलटवलेला कोट आणि लोकरीचे खवले

१८व्या शतकातला इंग्रज पुरुष म्हटला की संग्रहालयातला भरतकामाचा रेशमी कोट डोळ्यांसमोर येतो. पण तो कोट टिकला तो क्वचितच अंगावर चढला म्हणून. सुताराचा किंवा कारकुनाचा रोजचा लोकरी कोट लंडनच्या मॉनमथ स्ट्रीटवरच्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून, रोझमेरी लेनच्या चिंधीबाजारातून अंगे बदलत झिजून संपला. त्या काळी कापड महाग आणि शिलाई स्वस्त. त्यामुळे विटलेला कोट शिंप्याकडे जाई तो उलटवून घ्यायला.

सगळ्या शिवणी उसवायच्या, अस्तर काढायचे, तुकडे झाडून, ओले फडके ठेवून गरम इस्त्री फिरवायची आणि आतली बाजू वर घेऊन पुन्हा शिवायचे. समोरचा डावा तुकडा पालथा केला की तो बरोबर उजव्या बाजूला बसतो. लव मात्र खालच्याच दिशेने राहते. अडचण काजांची. ती डावीकडची उजवीकडे येतात. मग त्यांच्या कडा जुळवून रफू करायची, त्यावर बटणे लावायची आणि डावीकडे नवी काजे पाडायची. काज बटणापेक्षा लांब असल्याने रफूचे टोक बाहेर डोकावते. उलटवलेला कोट ओळखायची ही पक्की खूण.

हे जमते ते लोकरीच्या घडणीमुळे. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलांसारखे खवले असतात आणि त्यांची टोके तंतूच्या शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे ओल्या, गरम लोकरीवर दाब पडला की तंतू मुळाच्या दिशेने सरकतो. मागे यायला खवले अडवतात. असे लाखो तंतू एकमेकांत रुतत जातात. गरम पाण्यात धुतलेला स्वेटर आटतो तो यामुळेच. विणलेले ब्रॉडक्लॉथ, म्हणजे कोटाचे जाड लोकरी कापड, पाणचक्कीवरच्या लाकडी हातोड्यांखाली कुटत; तेलकटपणा काढायला एक शोषक माती वापरत, आपल्या मुलतानी मातीच्याच जातीची. कापड रुंदीत तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त आटे. मग टीझल या झाडाच्या काटेरी बोंडांनी लव उभी करून ती कातरत. असे कापड कापले तरी कडेचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कोटाच्या कमरेखालच्या घेराची कड बऱ्याचदा न दुमडताच सोडलेली असे. शिवणीची जुनी भोकेही वाफेने मिटतात. रेशमात ती कायम राहतात. जाड कापडातून ऊन आरपार जात नाही आणि आतून अस्तर असते, म्हणून आतला रंग शाबूत सापडतो.

आज ‘अपसायकलिंग’, म्हणजे जुन्या कपड्यातून नवा करणे, हा नवा शोध म्हणून खपवतात. पण पॉलिएस्टरच्या धाग्याला खवलेच नाहीत. त्याच्या विणलेल्या कापडाची कापलेली कड दुमडली नाही तर सहसा उसवते.

उलटवल्याने विटका रंग झाकतो, विरलेले कोपर नाही. त्याला ठिगळच लागे, आणि ते घेराच्या चुण्यांमध्ये लपलेल्या, न विटलेल्या कापडातून मिळे. शतकाच्या पूर्वार्धातले घेर भरघोस होते. पुढे फॅशन आखडली तेव्हा जुना कोट कमी घेराचा करून, लांब वेस्टकोट खालून कापून नव्या धाटणीत बसवत. ब्रीचेसच्या, म्हणजे गुडघ्यापर्यंतच्या विजारीच्या, पाठीमागे कमरेला नाडी असे, त्यामुळे मालक बदलला तरी शिवण उसवावी लागत नसे.

शेवटच्या चिंध्यांची वाट मात्र धाग्यावर ठरे. लिननच्या सदऱ्याचे तंतू सेल्युलोजचे, ते कागदाच्या गिरणीत जात. लोकर म्हणजे केराटिन, केसांतले प्रथिन, त्यात नायट्रोजन भरपूर. ती मातीत हळूहळू कुजते. म्हणून लोकरी चिंध्या इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या हॉप्सच्या (बिअरमध्ये घालायच्या वेलीच्या) मळ्यांत खत म्हणून पुरत.