तुमच्यासमोर बसून कोड लिहितो तेव्हा

तुमचं सॉफ्टवेअर बनवताना काही बैठकांत आम्ही सादरीकरण आणत नाही. स्क्रीन तुमच्यासमोर ठेवतो आणि तिथल्या तिथे कोड लिहायला घेतो. यातून काय हाती लागतं आणि काय लागत नाही, ते आधीच सांगतो.

न सांगितलेले नियम बाहेर येतात, हा सर्वांत मोठा फायदा. ‘बिलावर सवलत द्यायची’ एवढं कागदावर पुरेसं वाटतं. कोड लिहायला बसलं की प्रश्न सुरू होतात. सवलत कराच्या आधी की नंतर? पैशांचा अपूर्णांक पूर्ण रुपयांत आणायचा तो बिलाच्या प्रत्येक ओळीला की शेवटच्या बेरजेला? अर्धा माल परत आला तर? उत्तरं तुमच्याकडेच असतात. तुम्ही शेजारी असलात तर ती दोन मिनिटांत मिळतात. ईमेलवर तोच प्रश्न कित्येक दिवस फिरत राहतो. कधी कधी तर तुमचेच दोन विभाग वेगवेगळा हिशेब करतात, हे तिथेच उघड होतं. आमच्या मते एवढ्यासाठीही ती बैठक सार्थकी लागते.

ही कल्पना आमची नव्हे. १९९०च्या दशकात पुढे आलेल्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ पद्धतीत ग्राहकाचा माणूस प्रोग्रॅमरांसोबतच बसावा, असा आग्रह होता.

आता कळकळीची विनंती. पडद्यावर चाललं म्हणजे सॉफ्टवेअर तयार झालं, असं कृपया समजू नका. घाईत आम्ही काही आकडे थेट कोडमध्येच टाकलेले असतात. चुकीची नोंद आली किंवा दोघांनी एकाच वेळी तीच नोंद बदलली तर काय, याचा विचार तेव्हा बाजूला ठेवलेला असतो. हा कोड मूळ सॉफ्टवेअरपासून वेगळ्या प्रतीत (कोडच्या ‘शाखेत’) राहतो. नंतर दुसरा सहकारी तो तपासतो, चाचण्या लिहिल्या जातात, आणि पुष्कळदा आम्ही तो टाकून देऊन नव्याने लिहितो. म्हणून ‘उद्यापासून वापरू’ याला आमचं उत्तर ‘नाही’ असतं.

लॉगिन, पैशांचे व्यवहार आणि डेटाबेसची रचना आम्ही तुमच्यासमोर लिहीत नाही. त्याला शांतता लागते. कुणी पाहत असताना माणूस पहिला सुचलेला मार्ग धरतो. खऱ्या ग्राहकांची माहितीही पडद्यावर आणत नाही.

बैठक तासाभराची असते. नियम ठरवण्याचा अधिकार असलेली एक-दोन माणसंच यावीत. येताना नावं झाकलेली चार-पाच जुनी बिलं आणा, आणि त्यात हिशेबाला सर्वांत त्रास झाला होता ते बिल नक्की असू द्या.