शाळा आधी आली, इमारत मागनं

आमच्या शाळेची जुनी इमारत पाडायची का ठेवायची यावर गावात सध्या रोज चर्चा चालू आहे म्हणून मागचं थोडं लिहून ठेवतोय. नव्या पोरांना वाटतं ही कौलारू शाळा कुणीतरी एकदमच बांधून दिली, पण तसं नाही, ती तुकड्या-तुकड्यानं झालीय.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, 4 मार्च 1918 ला करवीरमधल्या चिखलीत त्यातली पहिली शाळा सुरू झाली. पोरगं शाळेत धाडलं नाही तर आईबापाला महिन्याला 1 रुपया दंड, आणि त्या काळात रुपया म्हणजे मोठी गोष्ट होती बघा. पण गावोगाव शाळा काढायच्या म्हणजे तेवढ्या इमारती कुठनं आणायच्या? मग देवळात, धर्मशाळेत, चावडीत, जागा मिळेल तिथं वर्ग भरायला लागले.

आमची चावडीत भरली. मैदानाच्या कडेची पहिली खोली आहे ना, तीच ती चावडी. काळ्या दगडाची दोन हात जाड भिंत, दार इतकं बुटकं की मास्तरांना वाकून आत यावं लागायचं, आणि बाहेरच्या अंगाला घोडं बांधायची लोखंडी कडी अजून तशीच आहे. मधल्या सुट्टीत आम्ही त्या कडीला लोंबकळायचो, ती घासून घासून दगडाला अर्धगोल खाच पडलीय, बोट घातलं तर गुळगुळीत लागते.

या खोलीबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं ते वेगळ्याच कारणानं. 1919 ला महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. ज्या गावात पाणवठे वेगळे होते तिथं एका जाजमावर मांडीला मांडी लावून बसणं, हे नुसतं कागदावर वाचून कळत नाही, त्या बारक्या खोलीत उभं राहिलं की कळतं, कारण लांब बसायला तिथं जागाच नाही.

पुढचं मग भराभर झालं. 1949 ला संस्थान विलीन झालं, 1962 ला जिल्हा परिषद आली. मधल्या तीन खोल्या गावानं श्रमदानानं उभ्या केल्या, वर मंगलोरी कौलं. 1967 च्या कोयनेच्या भूकंपात त्यातल्या एका भिंतीला तडा गेला तो अजून दिसतो. मागच्या स्लॅबच्या खोल्या सर्व शिक्षा अभियानातल्या, आणि 2019 च्या पुरात नदीकाठची माणसं त्यातच आठ दिवस राहिली.

नवी इमारत व्हायलाच पाहिजे, गळक्या खोल्यांत पोरं बसवणं बरोबर नाही. फक्त पहिली खोली तेवढी राहू दे. ती रस्त्यात येत नाही, नव्या बांधकामाच्या आड येत नाही, आणि भिंत अजून ओळंब्यात आहे, गवंडी लावून आम्ही तपासलीय.