वॉर्डातली विद्यार्थिनी: नर्सिंगच्या क्लिनिकल प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

जर्मनीत कैसर्सवर्थला १८३६ मध्ये आणि लंडनला १८६० मध्ये (नाइटिंगेल यांची) नर्सिंगची शाळा निघाली: ही सनावळी नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी पाठ होते, तेव्हा ती उगाळत बसत नाही. त्यापुढचे मात्र पाठ्यपुस्तके दोन ओळींत उरकतात. लंडनच्या धर्तीवर निघालेल्या बहुतेक शाळा रुग्णालयांच्या ताब्यात गेल्या आणि विद्यार्थिनी म्हणजे राहण्याजेवणावर व जुजबी विद्यावेतनावर मिळणारे मनुष्यबळ, हे रुग्णालयांना लवकरच उमगले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अनेक रुग्णालयांचे वॉर्ड विद्यार्थिनीच चालवत. शिकून बाहेर पडलेल्या नर्सवर मात्र घरोघरी खासगी रुग्णसेवेची कामे शोधायची वेळ येई. १९२३ मध्ये तिथल्या एका अहवालाने दुखण्यावर बोट ठेवले: रुग्णालयाच्या गरजेपुढे शिक्षणाचा बळी जातो. अहवाल गाजला, शिफारशी बराच काळ कागदावरच राहिल्या.

हा गुंता मुळापासून सोडवायला निघाले ते ब्रिटन. विद्यार्थ्यांना ड्युटीच्या हजेरीपटातून वगळा, त्यांना वॉर्डाच्या कर्मचारीसंख्येत धरू नका, असा प्रस्ताव १९८६ मध्ये मांडला गेला आणि १९८९ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला. पगाराच्या जागी विद्यावेतन आले, वर्ग हळूहळू रुग्णालयांतून विद्यापीठांत गेले. या निर्णयाइतके उणेदुणे नर्सिंग शिक्षणातल्या क्वचितच कुठल्या निर्णयाचे निघाले असेल. नव्या नर्सला पहिल्या नोकरीत वॉर्ड सांभाळता येत नाही, हात बसलेला नसतो, ही तक्रार तेव्हापासून सुरू आहे आणि ती करण्यात जुन्या पद्धतीत शिकलेल्या सिस्टर आघाडीवर होत्या.

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. शेकडो इंजेक्शने दिल्यावर जी सफाई येते, ती मागे उभे राहून पाहिल्याने येत नाही. पण जुन्या पद्धतीच्या आठवणी सांगताना एक गोष्ट हटकून राहून जाते: चुकीची रीतही शंभरदा केली की तितकीच पक्की होते, आणि ती दुरुस्त करायला शेजारी कोण होते? रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाची जबाबदारी विद्यार्थिनीवर पडे. याला अनुभव म्हणायचे तर म्हणा. प्रशिक्षण म्हणवत नाही. निर्णयात खोट होती ती निराळीच. विद्यार्थी संख्येतून निघाले, पण रिकाम्या झालेल्या जागा पुरेशा प्रशिक्षित नर्सनी भरल्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी मदतनीस आले. साहजिकच माणसे कमी असलेल्या दिवशी ‘अतिरिक्त’ विद्यार्थी कामाला जुंपला जाई, फक्त आता पगाराविना.

दरम्यान मोजदादीला महत्त्व आले. युरोपने १९७७ मध्ये नर्सिंगच्या संपूर्ण प्रशिक्षणासाठी ४,६०० तासांचा निकष घातला. त्यातले किमान निम्मे क्लिनिकल असावेत, ही अट पुढे जोडली गेली. क्लिनिकल म्हणजे काय, तर निरोगी वा आजारी माणसाशी थेट संपर्क. सध्याची सगळी रस्सीखेच याच व्याख्येवर आहे, कारण विद्यार्थी वाढले आणि पोस्टिंगसाठी वॉर्ड अपुरे पडू लागले.

पुतळ्यावर शिकवणे काही नवे नाही; अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये नर्सिंगच्या सरावासाठी माणसाएवढी बाहुली १९११ मध्येच आली होती. पण तो सराव वॉर्डात जाण्याआधीचा होता. वॉर्डाऐवजी सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यांवर किंवा रचलेल्या प्रसंगांतून केलेला सराव, चालेल का, हा प्रश्न ऐरणीवर आला तो २०१४ च्या अमेरिकी अभ्यासाने. क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले तरी परीक्षेत आणि पहिल्या नोकरीत लक्षणीय फरक दिसला नाही, असा त्याचा निष्कर्ष. तो सर्रास सांगितला जातो. त्यासोबतच्या अटी, म्हणजे तयार प्रशिक्षक, पुरेशी साधने आणि प्रत्येक सत्रानंतर सविस्तर चर्चा, सांगताना गाळल्या जातात. बाहुली विकत घेणे सोपे असते, प्रशिक्षक तयार करणे नाही.

२०२० च्या साथीत काही देशांनी विद्यार्थ्यांना वॉर्डाबाहेर काढून सिम्युलेशनचे तास वाढवले. इंग्लंडमध्ये मात्र शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पगारी कामावर येण्याचा पर्याय दिला गेला, म्हणजे तीस वर्षांपूर्वी मोडलेली रीत काही महिन्यांपुरती परतली. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने २,३०० क्लिनिकल तासांपैकी ६०० पर्यंत तास सिम्युलेशनने भरण्यास वाट करून दिली. ही मुभा सरसकट नाही. संस्थेला त्यासाठी आधी मंजुरी घ्यावी लागते.