चौदाव्या दिवसाची रेघ

परळच्या केईएममध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा वर्तमानपत्रं भरून गेली होती. आज मुंबईत आयव्हीएफच्या पाट्या गल्लोगल्ली आहेत. या उपचारात वापरून उरलेल्या भ्रूणांवर किती दिवसांपर्यंत संशोधन करू द्यायचं, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कुणी काढत नाही.

जगभर रूढ झालेली मर्यादा फलनापासून चौदा दिवसांची. ब्रिटनमध्ये मेरी वॉरनॉक यांच्या समितीनं ती १९८४ साली सुचवली, १९९० मध्ये कायद्यात आली. चौदाच का? साधारण त्याच सुमारास भ्रूणाच्या चपट्या चकतीवर एक बारीक रेघ उमटते, प्रिमिटिव्ह स्ट्रीक. डोकं कुठे, पाय कुठे, डावं-उजवं कुठलं, हे तिच्यावरून कळू लागतं. त्याआधी एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात, नंतर सहसा नाही. चेतापेशींचा तर तोवर पत्ताही नसतो.

खरं तर तेव्हा मर्यादा घालणं सोपं होतं, कारण तिथवर कुणी पोहोचतच नव्हतं. २०१६ मध्ये केंब्रिज आणि न्यूयॉर्कच्या संशोधकांनी भ्रूण बारा-तेरा दिवस वाढवले आणि नियमासाठी प्रयोग थांबवले. २०२४ मध्ये ब्रिटनच्या नियामक संस्थेनं ही मर्यादा अठ्ठावीस दिवसांपर्यंत न्यावी, असं सुचवलं.

या मधल्या दोन आठवड्यांतच सगळी धांदल असते. पेशींचे तीन थर होतात, बाविसाव्या दिवसाच्या आसपास हृदय धडधडू लागतं, अठ्ठाविसाव्यापर्यंत मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, मिटते. ती नीट मिटली नाही, तर बाळाच्या मणक्यात कायमचा दोष राहतो. आणि हे सारं घडतं ते आईला पाळी चुकल्याचं लक्षात येतं न येतं तेव्हा. त्यामुळे अभ्यासाला या वयाचे भ्रूण मिळणं फार दुर्मीळ.

मला मर्यादा वाढवण्यात गैर वाटत नाही. अट एकच: दांपत्याची संमती घेताना दिवसांचा आकडा स्पष्ट सांगावा. आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या आपल्या २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात, संमतीनं संशोधनाला देता येतात. ‘संशोधनासाठी’ एवढ्या मोघम शब्दावर सही घेणं मला पुरेसं वाटत नाही.

त्यात २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत जेकब हॅना यांच्या गटानं नुसत्या मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी बनू शकतात अशा पेशींपासून, चौदा दिवसांच्या भ्रूणासारखी रचना घडवली. फलनच झालेलं नाही, मग दिवस मोजायचे कुठून? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ‘चौदा दिवस किंवा प्रिमिटिव्ह स्ट्रीक, जे आधी होईल ते’ असं आहे. अशा रचनांसाठी त्यातला दुसरा भागच कामाचा.