दगडावरची लक्ष्मी आणि कॅलेंडरवरची लक्ष्मी

सातारा-वाईकडच्या जुन्या घरांत रविवर्म्याची लक्ष्मी हमखास भेटते आणि घरचे छातीठोकपणे सांगतात, 'ओरिजिनल आहे!' तैलचित्र ते नसतंच. त्याची अस्सल तैलचित्रं बघायची असतील तर औंधच्या डोंगरावरचं भवानी संग्रहालय गाठा. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ते 1938 साली उभं केलं. घरातल्या तसबिरीबाबत प्रश्न एवढाच, की ती ओलिओग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली तैलचित्राची जुनी नक्कल आहे, की अलीकडची ऑफसेट छपाई?

ऑफसेट सगळ्यांच्या ओळखीची. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, सगळं त्यावरच निघतं. निळा, किरमिजी, पिवळा, काळा, या चार शाईंत काम भागतं. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. तिथली छपाई शिळाप्रेसवरची, म्हणजे दगडावरून छापायची, लिथो. गंमत अशी, की तत्त्व दोन्हीकडे एकच: तेलकट भाग शाई धरतो, ओला भाग शाई झटकतो. त्यामुळे नुसतं 'लिथो आहे' म्हणून काहीच ठरत नाही.

खरा फरक आहे तो रंग वेगळे कुणी केले यात. ऑफसेटच्या पद्धतीत ते काम आधी कॅमेरा आणि चित्राचे ठिपके पाडणारी जाळी करायची, आता संगणक करतो. ओलिओग्राफसाठी मात्र कारागीर मूळ चित्रासमोर बसायचा, त्यातला एकेक रंग नजरेनं सुटा करायचा आणि प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर हाताने, उलटं चित्र काढायचा. गालाची गुलाबी छटा कुठे विरळ करायची, हे त्याच्या बोटांना ठरवावं लागे. मग तोच कागद एकामागून एक दगडांवर दाबला जायचा, आणि एक दगड केसभर सरकला तरी ओठांचा रंग ओठांबाहेर. म्हणून 'छापील ते छापील, त्यात काय' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. त्या कागदावर एका निनावी चित्रकाराची मेहनत आहे.

हा फरक डोळ्यांनी दिसतो. सराफाकडचं दहापट भिंग घ्या आणि लक्ष्मीच्या गालावर धरा. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे शिस्तीत ओळीने मांडलेले ठिपके, मधूनमधून त्यांची फुलं झालेली दिसली, तर ऑफसेट, विषय संपला. ठिपके लहानमोठे, कुठे गर्दी, कुठे मोकळीक, आणि त्वचेखाली गुलाबी, तपकिरी, करडी अशा सपाट शाईंचे थर दिसले, तर दगड. गाल आणि सावली बघा, साडीचा काठ नको. सपाट रंगात काही कळत नाही.

बाकीच्या खुणांवर माझा भरवसा नाही. पिवळा कागद? चुलीचा धूर नव्या कागदालाही पिवळा करतो. खाली छापखान्याचं नाव? पुनर्मुद्रणात तेही जसंच्या तसं उतरतं. कॅनव्हाससारखा खरखरीत पोत आणि वार्निशची चकाकी ओलिओग्राफला मुद्दाम देत, पण आज तीही सहज देता येते. साडीवर चिकटवलेली जरीची नक्षी मात्र काढू नका. जुन्या घरांत हौसेनं असं सजवत, आणि चित्राइतकीच तीही जपायची गोष्ट आहे.

आणि कृपा करून ओल्या फडक्यानं पुसू नका. कागद फुगतो, वार्निशला भेगा जातात आणि रंगाचे पापुद्रे निघतात. काच पुसा, चित्र नको.