कुत्र्याच्या पिल्लांची जादा बोटे

कुत्र्याच्या पायाला जमिनीवर टेकणारी चार बोटे असतात. त्यांच्याखेरीज पायाच्या आतल्या बाजूला, थोडे वर, एक पाचवे बोट दिसते. क्वचित त्याच्याही शेजारी सहावे असते. पशुवैद्यक आणि कुत्री पाळणारे लोक याला ड्यूक्लॉ म्हणतात, घरात बोलताना मात्र ‘अंगठा’ किंवा ‘वरचे नख’ एवढेच म्हटले जाते. नवे पिल्लू घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच कुणाच्या तरी हाताला हे बोट लागते आणि पिल्लात काही व्यंग आहे का, ते काढून टाकायचे का, अशी विचारणा सुरू होते. पुढच्या पायावरचे हे बोट मुळात जादा नसतेच. मागच्या पायावरचे जादा असते, पण बहुतेक पिल्लांना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही. किती बोटे आहेत यापेक्षा ते बोट पायाला कशाने जोडलेले आहे, हाडाने की नुसत्या कातडीने, हे पाहणे महत्त्वाचे.

साध्या कुत्र्याची नखे मोजली तर अठरा भरतात: पुढच्या दोन पायांवर पाच-पाच, मागच्या दोन पायांवर चार-चार. मागच्या दोन्ही पायांवर एकेक जादा बोट असले की वीस होतात. ‘वीस नखांचा कुत्रा’ जातिवंत, राखणीला तिखट आणि प्रसंगी वाघाला न भिणारा, असा समज खेड्यापाड्यांत जुना आहे आणि पिल्लू निवडताना मागचे पाय चाचपून पाहणारे लोक आजही भेटतात. मोजणी अगदी बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकीचा. जादा बोटाचा आणि स्वभावाचा संबंध कुठे दिसून आलेला नाही. थोराड बांध्याच्या काही पहाडी राखण्या कुत्र्यांत मागची जादा बोटे वारंवार आढळतात, हे मात्र खरे. समजाचे मूळ कदाचित तिथे असेल.

रचना. कुत्रा तळव्यावर चालत नाही, बोटांवर चालतो. त्याच्या मागच्या पायाचा उलटा वळलेला गुडघा म्हणून आपण जे दाखवतो ती त्याची टाच असते, कायम वर उचललेली. अशा चालीत आतल्या बाजूचे पहिले बोट जमिनीपासून सुटले आणि आखूड झाले. पुढच्या पायावर ते टिकून राहिले आहे. त्याला स्वतःची तळहाताची हाडकी असते, पुढे दोन पेरे, नख आणि स्नायूंकडून येणारे कंडरेही. म्हणजे ते नुसते लोंबणारे नख नसून काम करणारा अवयव आहे. कुत्रा हाड चघळताना ते दोन्ही पंजांत धरतो तेव्हा हे बोट आतून आधार देताना स्पष्ट दिसते. भरधाव पळताना मनगट इतके खाली दबते की हे बोटही जमिनीला लागते आणि वळणावर पाय पिळवटू नये म्हणून पकड देते. कारवानसारख्या शिकारी कुत्र्यांना सशामागे एकाएकी दिशा बदलावी लागते, तिथे याचा उपयोग उघड आहे. आफ्रिकी रानकुत्रा हा याला ठळक अपवाद. त्याच्या पुढच्या पायांवरही चारच बोटे असतात.

मागच्या पायावर हे बोट बहुतेक कुत्र्यांत नसतेच. असते तेव्हा त्याचे रूप सारखे नसते. कधी ते हाडाला सांध्याने जोडलेले, बऱ्यापैकी घट्ट असते. कधी आत एक-दोन पेरांची हाडके असतात पण पायाच्या हाडाशी त्यांचा काही संबंध नसतो आणि बोट कातडीच्या देठावर लोंबत राहते. कधी एकाच पायावर असते, कधी एका पायावर दोन. रस्त्यावरच्या गावठी कुत्र्यांतही ते अधूनमधून दिसते.

कारण. गर्भात पाय फुटू लागतो तेव्हा त्याच्या कोंबाच्या मागच्या कडेला, म्हणजे करंगळीच्या बाजूला, पेशींचा एक गट ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचे प्रथिन तयार करतो. (हे नाव खरोखरच एका व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून पडले आहे, शास्त्रज्ञ कधीकधी असेही वागतात.) या प्रथिनाचे प्रमाण कुठे किती, यावरून किती बोटे आणि कोणती बोटे हे ठरते. प्रथिन कुठे आणि केव्हा बनवायचे याची कळ, म्हणजे चालू-बंद करणारे बटण, ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या जवळ नसून गुणसूत्रावर खूप दूर, एलएमबीआर-१ नावाच्या शेजारच्या जनुकाच्या पोटात आहे. या बटणात डीएनएच्या एखाद्या अक्षराचा बदल झाला तर प्रथिन अंगठ्याच्या बाजूलाही झिरपते आणि तिथे आणखी एक बोट उगवते. मागच्या पायाला जादा बोट असणाऱ्या कुत्र्यांच्या काही जातींत याच ठिकाणचे बदल 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सापडले, आणि ते सगळ्या जातींत एकच नव्हते. कोरियातील आणि पाश्चात्त्य जातींतील बदल वेगळे निघाले. माणसाच्या हाताला अंगठ्याच्या बाजूने येणारे सहावे बोट आणि अमेरिकेतील ‘की वेस्ट’ बेटावर लेखक हेमिंग्वेच्या घरी असलेली सहा बोटांची मांजरे, यांच्या मुळाशीही हीच कळ आहे.

हा गुण साधारणपणे आईबापांपैकी एकाकडून आला तरी उतरतो, पण प्रत्येक वारसात सारखा उमटत नाही. म्हणून एकाच वेतातल्या पिल्लांपैकी दोघांना जादा बोटे, एकाला फक्त डाव्या पायाला आणि बाकीच्यांना काहीच नाही, असे होऊ शकते. त्यावरून विकणाऱ्याने फसवले किंवा पिल्लू संकरित आहे असा अर्थ काढू नये. उलट, मागच्या पायाला जादा बोटे असणे हे काही जातींत शुद्धतेचे लक्षण मानतात.

लांडग्यांच्या बाबतीत हीच गोष्ट उलटी आहे. लांडग्याच्या मागच्या पायाला जादा बोट नसते. इटलीतील लांडग्यांमध्ये ते आढळले तेव्हा तपासणीअंती तो कुत्र्यांशी झालेल्या संकराचा पुरावा ठरला. पुणे परिसरातील माळरानांवरही लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय चाचणीने सिद्ध झाला आहे. तिथे संशय आला तो मात्र अंगाच्या वेगळ्या रंगामुळे.

जादा बोटांच्या जाती. फ्रान्समधील बोसरॉन आणि ब्रियार या मेंढपाळी जातींत, तसेच पिरनीज पर्वतातील पांढऱ्या राखण्या कुत्र्यात, मागच्या प्रत्येक पायावर दोन-दोन जादा बोटे अपेक्षित असतात. बोसरॉनला ती नसतील किंवा एकच असेल तर त्याला प्रदर्शनातून बाद करतात. आइसलँडच्या मेंढपाळी कुत्र्यालाही मागची जादा बोटे लागतात आणि जोडीची असली तर अधिक चांगली मानतात. सेंट बर्नार्ड आणि तिबेटी मॅस्टिफ यांच्यातही ती वारंवार दिसतात. ही पिल्ले आता भारतातल्या शहरांतही विकली जातात, आणि पशुवैद्याकडे घाबरून येणाऱ्या नव्या मालकांमध्ये अशा जाड पायांच्या पिल्लांचे मालक बरेच असतात.

या सगळ्यांत नवल आहे ते नॉर्वेच्या लुंडेहुंडचे. याच्या प्रत्येक पायाला किमान सहा बोटे असतात, आणि ती लोंबणारी नसून हाड, सांधे, स्नायू यांसह पूर्ण वाढलेली असतात. पुढच्या पायाची पाच बोटे जमिनीवर भार घेतात. लोफोटेन बेटांपैकी वॅरॉय बेटावर या कुत्र्यांना पफिन नावाचे समुद्रपक्षी पकडायला वापरत. हे पक्षी कड्यांच्या कपारींत, अरुंद बिळांत घरटी करतात. ओल्या निसरड्या खडकावर चढायचे, बिळात आडवे सरकायचे आणि पक्षी जिवंत तोंडात धरून मागे यायचे, या कामाला जादा बोटांची पकड कामी येई. पुढे पफिन जाळ्यांनी पकडू लागले, कुत्र्यांवर कर बसला, मग डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची साथ आली आणि 1960 च्या दशकात जेमतेम सहा कुत्री उरली. आजचे सगळे लुंडेहुंड त्यांचेच वंशज. या जातीला आतड्यांचा एक गंभीर आजार जडलेला आहे, पण त्याचा दोष बोटांकडे जात नाही. इतक्या थोड्या कुत्र्यांतून वंश वाढवल्याचा तो परिणाम आहे.

काळजी कधी करावी. पिल्लू मांडीवर घेऊन, शांत असताना, बोट चिमटीत धरून हलकेच इकडेतिकडे हलवावे. ते पायाच्या हाडासोबत हलत असेल, मुळाशी कडक लागत असेल, तर ते घट्ट बसलेले बोट आहे. कानाच्या पाळीसारखे कुठेही वळत असेल तर ते कातडीवर लोंबते आहे. पहिल्या प्रकाराला हात लावण्याचे कारण नाही. दुसरा प्रकार झुडपात, गोधडीच्या दोऱ्यात, दारावरच्या जाळीत अडकून फाटू शकतो, पण सगळ्यांचाच फाटतो असे नाही; घरात राहणाऱ्या कितीतरी कुत्र्यांचे असे बोट म्हातारपणापर्यंत सुखरूप राहते.

नख ही खरी रोजची अडचण. बाकीची नखे रस्त्यावर घासून झिजतात, हे जमिनीला लागत नाही म्हणून वाढतच राहते आणि कडीसारखे गोल फिरून पुन्हा कातडीत घुसते. लांब केसांच्या कुत्र्यात ते केसांखाली दडलेले असते. कुत्रा एकच जागा सारखी चाटू लागला, तिथले केस लालसर झाले, वास येऊ लागला, की मग कुठे लक्ष जाते. तीन-चार आठवड्यांतून एकदा हे नख पाहून टोक कापले की प्रश्न मिटतो. पांढऱ्या नखात आतली गुलाबी रक्तवाहिनी दिसते, तिच्या अलीकडे कापायचे. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून एकदम न कापता पातळ चकत्या काढत जावे आणि कापलेल्या बाजूवर मध्यभागी गडद ओलसर ठिपका दिसला की थांबावे. चुकून रक्त आलेच तर तुरटीची पूड चिमटीने दाबून धरावी. पिल्लाच्या पंजाला रोज थोडा वेळ हात लावण्याची सवय लहानपणीच केली नाही तर पुढे हेच काम दोन माणसांनाही आवरत नाही.

लंगडणे, सूज, पू, बोटाच्या मुळाशी जखम, अर्धे तुटून लोंबणारे नख, यांपैकी काही असेल तर दवाखान्यात न्यावे. जादा बोटासोबत टाळूला चीर, इतर बोटे एकमेकांना चिकटलेली किंवा पाय वाकडे असतील तरीही दाखवावे. सांगाड्याचे काही दुर्मीळ आनुवंशिक दोष असे एकत्र येतात. नुसते जादा बोट हे कुठल्याही आजाराचे लक्षण नाही.

काढून टाकणे. ब्रीडर मंडळी पिल्लू तीन ते पाच दिवसांचे असतानाच ही बोटे पशुवैद्याकडून काढून घेतात. ते वय उलटल्यावर पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते. लोंबणारे बोट काढायचेच ठरले तर नसबंदीच्या वेळी, त्याच भुलीत काढणे सोयीचे. पुढच्या पायाचे बोट केवळ दिसायला नीट म्हणून काढणे हा अनाठायी उद्योग आहे. त्यात सांधा आणि कंडरे तोडावे लागतात आणि कुत्र्याचा उपयोगाचा अवयव जातो. त्याला वारंवार इजा होत असेल किंवा तिथे गाठ आली असेल, तरच त्याचा विचार व्हावा. ब्रिटनमध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्याखाली कुत्र्यांच्या अंगाची काटछाट बंद झाली, पण ही बोटे काढण्याला नियमांत मुभा राहिली. डोळे उघडलेल्या पिल्लाला मात्र भूल द्यावीच लागते. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणे हा गुन्हा आहे.

घरी कात्रीने किंवा बुडाशी दोरा आवळून बोट गाळण्याचा प्रकार कुणी सुचवला तरी करू नये. देठ बारीक दिसला तरी त्यात रक्तवाहिनी आणि कधीकधी हाडाचा तुकडा असतो. दोऱ्याखाली बोट कुजते, पिल्लू ते चावत राहते आणि हाडापर्यंत जंतुसंसर्ग पोचू शकतो.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत एक खबरदारी निराळी आहे. सात-आठ वर्षांपुढच्या, विशेषतः काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्याच्या एकाच बोटाला सूज येऊन नख सैल झाले, औषधाने बरे वाटून पुन्हा तेच झाले, तर साधा नखुरडा समजून मलमे लावत बसू नये. नखाच्या मुळाशी होणारा कर्करोग अगदी असाच सुरू होतो. तो ड्यूक्लॉला होऊ शकतो तसाच टेकणाऱ्या बोटांनाही. एक्स-रे आणि गाठीच्या तुकड्याची तपासणी केल्याशिवाय त्याचे निदान होत नाही.